एक सुई किती सालं पुरते?



रोवणे आटोपले, हात थोडे मोकळे झाले, तेव्हाची गोष्ट. आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते जमा झाले, मग आंतरकर्जाची मागणी निघाली. एकीला खतासाठी पाहिजे होते, एकीला शिलाई मशीनसाठी. तिसरी जरा दबकतच बोलली. म्हणाली, माझ्या पोरीला ती पिशवीच्या कॅन्सरची सुई द्यायची आहे, खाजगीत द्यावी लागते म्हणतात, महाग आहे, त्यासाठी पाहिजे.

खोलीत सगळ्या गप्प. आमच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना आहे. त्यात म्हैस येते, शेळी येते, लग्न येतं, आजारपण येतं. पण जो आजार झालाच नाही त्याच्यासाठी कर्ज? असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. आमच्या सचिवबाई हिशेबाला पक्क्या. त्यांनी विचारलं, "काहो ताई, म्हैस घेतली तर दोन सालं दूध देते. हे सुई किती सालं पुरन? दोन सालानं पुन्हा घ्या म्हटलं तर पुन्हा कर्ज देवाचं का?" दुसरी म्हणाली, "कोरोनाची दोनदा घेतली, वरून बूस्टर घेतला, तरी झालाच ना बाप्पा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समन्वयक, बी.ए. झालेली, म्हणून मला ठाऊक असावं असा त्यांचा समज. मला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, पुढच्या बैठकीपर्यंत थांबा, विचारून येते. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमकडे दोनदा जाऊन बसले, नर्सबाईंना विचारलं, मिळालं ते वाचलं. जे समजलं ते गटात सांगितलं. आज तेच तुम्हाला सांगते.

आधी आजाराविषयी बोलू. आपण ज्याला पिशवी म्हणतो, त्या गर्भाशयाला खाली एक तोंड असतं. त्या तोंडाचा हा कॅन्सर. आपल्या देशात दर वर्षी सुमारे सव्वा लाख बायांना तो नव्याने होतो आणि ७५ हजारांहून जास्त बाया त्याने जातात. वर्षाचे दिवस काढून भागाकार करून पाहा, रोजच्या दोनशेच्या वर होतात. यातल्या बहुतेक बाया तुमच्या-माझ्यासारख्या, संसाराच्या ऐन मध्यावर असलेल्या.

माझी मावशी त्यातलीच एक. लाखांदूरकडे दिली होती. अंगावरून पांढरं जायचं, मग वास यायला लागला, मग पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसायला लागलं. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा एका डॉक्टरने न तपासताच गोळ्या लिहून दिल्या, त्या तिने सहा महिने खाल्ल्या. नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. शेक दिले. शेकाने थोडे दिवस बरं वाटलं. दीड एकर धानाची बांधी विकली गेली. आणि सगळ्यात जास्त मला आठवतं ते हे, की गावात कुजबुज होती, "बाहेरचं काही असन." चारित्र्यावर बोट. तिने आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसऱ्याकडे पाहिलं नव्हतं. तिला मरायच्या आधी हे ऐकावं लागलं.

म्हणून ही गोष्ट आधी नीट ऐका. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. हे जर्मनीतले शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी शोधून काढलं. १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला या कॅन्सरच्या गाठींत १६ नंबरचा आणि १८ नंबरचा एचपीव्ही सापडला. २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. एचपीव्हीचे दोनशेच्या आसपास प्रकार आहेत, बहुतेक निरुपद्रवी. पण शंभर बायांना हा कॅन्सर झाला तर त्यातल्या सत्तर किंवा त्याहून जास्त जणींत हे दोनच नंबर सापडतात, १६ आणि १८.

हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. आणि तो इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक बायांना, आणि पुरुषांनाही, आयुष्यात कधी ना कधी तो शिवून जातो. एकच नवरा, एकच बायको असली तरी. सर्दी झाली म्हणून कोणी कोणाला वाईट चालीचं म्हणतं का? तसंच हे. दहांपैकी नऊ जणींत तो दोनेक वर्षांत आपोआप निघूनही जातो, तिला पत्ताही लागत नाही. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पंधरा-वीस वर्षांत हळूहळू कॅन्सर होऊ शकतो. ठाण मांडून बसणं, हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सचिवबाईंचा प्रश्न. किती सालं पुरते?

डॉक्टर मॅडमनी मला आधी उलटं विचारलं. म्हणाल्या, गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मग एचपीव्ही एकदा होऊन गेला तरी पुन्हा का होतो? मला काय सांगता येणार. त्यांनी समजावलं. गोवराचा विषाणू रक्तात शिरतो, अंगभर फिरतो, शरीर खडबडून जागं होतं. एचपीव्ही तसा नाही. तो पिशवीच्या तोंडाच्या वरच्या थरातच बसतो. रक्तात जात नाही, ताप आणत नाही, सूज आणत नाही. चोर अंगणातच लपला, घरात शिरलाच नाही, तर घरच्यांना कळणार कसं? शरीराला त्याची ओळखच नीट होत नाही. म्हणून तो होऊन गेल्यावर मिळणारं संरक्षण कच्चं असतं.

लस मात्र दंडाच्या मांसात टोचतात. तिथून शरीराला ती लगेच दिसते. आणि लसीत असतं काय? इथे मला आपल्या धानाची आठवण झाली. मळणीला पोचट दाणे निघतात ना? वरून बघितलं तर धानच, टरफल तेच, रंग तोच, पण आत तांदूळ नाही. पेरला तर उगवणार नाही. लसीतले कण तसे पोचट असतात. वरचं कवच हुबेहूब विषाणूचं, आत विषाणूचा जीव नाही. यीस्ट म्हणजे पाव फुगवायला घालतात तसल्या सूक्ष्म जीवाकडून हे कवच बनवून घेतात. त्यामुळे लसीमुळे एचपीव्ही होऊच शकत नाही आणि कॅन्सरही होऊ शकत नाही. पेरलंच पोचट, तर उगवणार काय?

पण त्या कवचाची एक खुबी आहे. एकाच प्रथिनाचे ३६० तुकडे अगदी ओळीने, एकासारखा एक, असे त्यावर बसलेले असतात. शेतात ओळीत केलेलं रोवणं दुरून कसं डोळ्यांत भरतं, तसं हे शरीराच्या डोळ्यांत भरतं. शरीर जोरात कामाला लागतं आणि प्रतिपिंडं तयार करतं, कोरोनाच्या वेळी आपण ज्यांना अँटिबॉडी म्हणायचो ती. ती रक्तातून झिरपत पिशवीच्या तोंडापर्यंत पोचतात आणि पहारा देतात.

आता टिकण्याचं. पावसाळ्यात आपले मामा तलाव तुडुंब भरतात. उन्हाळ्यापर्यंत काही तलाव पार कोरडे पडतात, कारण त्यात नुसतं वरचं पाणी होतं. पण एखाद्या विहिरीला झरा लागलेला असतो. पावसाळ्यात तीही काठोकाठ भरते, मग पाणी खाली जातं, पण एका पातळीला येऊन थांबतं. उन्हाळाभर उपसा, पातळी तीच. या लसीचं तसं आहे. टोचल्यावर महिन्याभराने प्रतिपिंडं सगळ्यात जास्त असतात. मग साधारण दोन वर्षं ती कमी होत जातात. आणि मग एका पातळीवर स्थिर होतात. कारण शरीरातल्या काही पेशी, त्यांना प्लाझ्मा पेशी म्हणतात, हाडाच्या आतल्या मगजात जाऊन मुक्काम करतात आणि वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात. तोच झरा. ही स्थिर पातळी आपोआप होऊन गेलेल्या एचपीव्हीने मिळणाऱ्या पातळीपेक्षा बरीच वर असते.

कोरोनाचं काय मग? दोन्ही विषाणूंत मोठा फरक आहे. कोरोनाचा विषाणू आपलं रूप भराभर बदलतो. कालची ओळख आज उपयोगी पडत नाही. एचपीव्ही आपल्या नकला करायला आपल्याच पेशीतली यंत्रणा वापरतो, आणि ती यंत्रणा चुका फार कमी करते. हाताने उतरवलेला सातबारा आणि झेरॉक्स काढलेला सातबारा, यात जो फरक तोच. झेरॉक्सवर नाव बदलत नाही. आज दिलेली ओळख पंधरा वर्षांनी आलेल्या विषाणूलाही लागू पडते.

हे झालं कारण. पण सचिवबाई कारणावर ऐकणाऱ्या नाहीत. त्या म्हणाल्या, "असं होते हे कोणी पाह्यलं?" पाहिलं आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रातल्या पोरींमध्ये पाहिलं आहे.

२००९ मध्ये आपल्या देशात नऊ ठिकाणी एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी होतं, पुणे होतं, मुंबई होती. दहा ते अठरा वर्षांच्या, लग्न न झालेल्या मुली घेतल्या. तेव्हा जगभर तीन डोस देत होते. अभ्यासाचा प्रश्न इतकाच होता, की तीनऐवजी दोन दिले तर चालतं का? वीस हजार मुली घ्यायच्या होत्या.

त्याच सुमारास, या अभ्यासाशी संबंध नसलेला एक वेगळा प्रकल्प आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याकडे चालू होता. तिथे लस घेतलेल्या मुलींपैकी सात मुली नंतर वारल्या. मोठा गदारोळ झाला. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडची ही लस थांबवली. चौकशी झाली. ते मृत्यू लसीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं. कोणी बुडून, कोणी साप चावून, कोणी विष घेऊन, अशी कारणं होती. पण त्याच चौकशीत दुसरंही निघालं. अनेक ठिकाणी आईबापांची संमती नीट घेतलेलीच नव्हती, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. पुढे संसदेच्या समितीनेही त्यावर कडक ताशेरे ओढले. मला विचाराल तर ते योग्यच झालं. सुई चांगली असली म्हणून आईला न विचारता पोरीला टोचायची नसते. त्या आदिवासी आईबापांना कोणी खाली बसून समजावलं असतं तर पुढची इतकी वर्षं वाया गेली नसती. आजही कोणी खम्ममचं नाव काढलं की मी तिला अफवा पसरवते असं म्हणत नाही. दोन्ही गोष्टी सांगते.

तर लस थांबली, आणि बार्शी-पुण्याकडच्या अभ्यासातल्या मुली मध्येच अडकल्या. तोवर सुमारे १७ हजार ७०० मुलींना सुई मिळाली होती. कोणाचे तीन डोस झाले होते, कोणाचे दोन. आणि जवळजवळ पाच हजार मुलींचा एकच झाला होता. अभ्यासाच्या हिशेबाने सगळं बिघडलं. पण डॉक्टरांनी त्या मुलींना सोडलं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहिले. रक्त तपासून प्रतिपिंडं मोजली. मुलींची लग्नं झाली, सासरी गेल्या, तिथे शोधून काढल्या. लग्नाला दीड वर्ष झालं की किंवा पहिल्या बाळंतपणाला सहा महिने झाले की पिशवीच्या तोंडाचा नमुना घ्यायचा, मग दर वर्षी, चार वर्षं. आपल्या गटातली बाई तालुका बदलून गेली तर आपल्याला तिचा हप्ता वसूल करता येत नाही. या लोकांनी हजारो लेकींना दहा वर्षं गाठलं. त्या कार्यकर्त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं, आणि दर वेळी नमुना द्यायला तयार झालेल्या त्या पोरींचंही.

त्यांच्याच वयाच्या, लग्न झालेल्या, पण लस न घेतलेल्या मुलींशी तुलना केली. २०२१ मध्ये दहा वर्षांचा निकाल छापून आला. १६ आणि १८ नंबरचा विषाणू ठाण मांडून बसण्यापासून एका डोसचं संरक्षण शेकडा ९५ निघालं. दोन डोसांचं ९३, तीन डोसांचंही ९३. याचा अर्थ असा: लस नसती तर ज्या शंभर जणींत तो ठाण मांडून बसला असता, त्यातल्या पाच-सात जणींतच बसला. ९५ आणि ९३ यातला फरक धरू नका, हिशेबात तो सारखाच. एक डोसवाल्यांची प्रतिपिंडं तीनवाल्यांपेक्षा कमी होती, पण पातळी स्थिर होती. विहिरीत पाणी थोडं खाली, पण झरा चालू. पुढे सरासरी बारा वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही तिन्ही गटांत आकडा नव्वदीच्या वरच होता.

म्हणजे जो अभ्यास बिघडला, त्यानेच जगाला सांगितलं की एक सुईही पुरू शकते. पण त्या पाच हजार मुलींना एकच डोस द्यायचा असं आधी ठरवून दिला नव्हता, तो योगायोगाने राहिला. म्हणून शास्त्रज्ञांनी पुन्हा खात्री केली. आफ्रिकेत केनियामध्ये २,२७५ तरुणींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून कोणाला ही लस, कोणाला दुसरी लस दिली. दीड वर्षाने एका डोसचं संरक्षण शेकडा ९७ च्या वर निघालं. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, ९ ते २० वर्षांच्या मुलींना एक डोस दिला तरी चालेल. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलींना मात्र किमान दोन, जमलं तर तीन. हे तेवढं विसरू नका.

एक बाई म्हणाली, विषाणू नाही बसला हे ठीक, पण कॅन्सर कमी झाला का ते सांगा. बरोबर प्रश्न आहे. कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, म्हणून ज्या देशांनी आधी सुरुवात केली तिकडे पाहावं लागतं. स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर शेकडा ८८ ने कमी निघाला. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून शाळेत लस देतात. तिथे बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये एकीलाही हा कॅन्सर झालेला सापडला नाही, असं २०२४ मध्ये छापून आलं. एकीलाही नाही. मावशीच्या घरून आल्यावर मी ही ओळ दोनदा वाचली होती.

मग सचिवबाईंना उत्तर काय दिलं? सांगितलं, ही लस बाजारात आलीच २००६ मध्ये. त्यामुळे पन्नास वर्षं पुरते असं कोणी सांगितलं तर त्याने ते पाहिलेलं नाही. पण जितकी वर्षं पाहिलं तितकी वर्षं ती टिकलेली आहे, आणि पुन्हा बूस्टर घ्यावा लागतो असं कुठेही दिसलेलं नाही. प्रतिपिंडांची पातळी खाली घसरत चाललेली नाही, थांबलेली आहे. दोन सालाने पुन्हा कर्ज मागायची पाळी येणार नाही.

डोसांचा घोळ होतो म्हणून हेही सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्याकडची लस बनवली आहे, सर्वाव्हॅक नावाची. तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या डब्यावर नऊ ते चौदा वर्षांसाठी दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, आणि पंधरा ते सव्वीस वर्षांसाठी तीन डोस लिहिलेले आहेत. खाजगी डॉक्टर त्याप्रमाणे दोन सांगतील. ते तुम्हाला फसवत आहेत असं समजू नका. पण दुसरा डोस घ्यायला पैसे नाहीत म्हणून पहिलाही न घेणं, हे मात्र करू नका. बार्शीच्या पोरींनी एवढं तरी आपल्याला दाखवलं आहे. सरकारी केंद्रात कोणत्या वयाच्या मुलींना, कधी, मोफत मिळते, हे आपल्या आशाताईंना विचारा आणि पैसे काढायच्या आधी विचारा. हे नियम बदलत असतात. मी रेडिओवर आज सांगितलेलं उद्या जुनं झालेलं असेल.

वय नऊ ते चौदाच का? दोन कारणं. एक, विषाणू यायच्या आधी पहारा बसायला पाहिजे. आत बसलेल्या विषाणूला ही लस हाकलत नाही. धान भरायच्या आधी कोठी लिंपायची असते, उंदीर आत शिरल्यावर नाही. दुसरं, या वयात शरीर जास्त जोरात प्रतिपिंडं बनवतं. "कुवारी पोरीले हे कायले?" असं आजी विचारतील. कुवारी आहे म्हणूनच. यात पोरीच्या चालीचा काही संबंध नाही. धनुर्वाताची सुई देतो तेव्हा आपण खिळा टोचायची वाट पाहत नाही.

मूल होणार नाही, पाळी बंद होईल, असं गावात फिरतं आहे. तसं काही होत नाही. दंड दुखतो, सुजतो, एखादा दिवस ताप येतो, डोकं दुखतं. काही पोरींना सुईच्या भीतीने भोवळ येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. उपाशीपोटी नेऊ नका. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

आता आपलं, म्हणजे तुमचं-माझं. आपली वयं निघून गेली, पण आपल्याला तपासणी आहे. आणि इथेही आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाचा उस्मानाबाद, १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांवर खेड्यातल्या बायांवर अभ्यास झाला. ज्या गावांत बायांची एकदाच एचपीव्हीची तपासणी केली आणि सापडलं त्यांच्यावर उपचार केले, त्या गावांत पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. एकदाच तपासणी! आपल्या सरकारी केंद्रात सध्या बहुतेक ठिकाणी वेगळी, सोपी तपासणी होते. व्हिनेगरसारखं पातळ आम्ल पिशवीच्या तोंडाला लावतात, एक मिनिट थांबतात, आणि पांढरा डाग उठतो का ते पाहतात. दुखत नाही. तीस वर्षं झालेल्या प्रत्येकीने ती करून घ्यायची. लस घेतलेल्या पोरींनीही मोठं झाल्यावर करायची आहे, कारण १६ आणि १८ सोडून दुसरे थोडे नंबर उरतातच.

आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, घाण वास येणारं पाणी गेलं, तर न तपासता दिलेल्या गोळ्या खाऊ नका. "आधी तपासा, मग लिहा," असं डॉक्टरला तोंडावर सांगा. माझ्या मावशीला ते सांगता आलं नाही.

पुढची बैठक झाली. हे सगळं मी सांगितलं, आता सांगितलं त्याच्या दुप्पट वेळ लागला, कारण मध्ये मध्ये चहा आणि भांडण. सचिवबाई म्हणाल्या, म्हशीचा विमा काढतो तेव्हा म्हैस मरावी म्हणून काढतो का? मग त्यांनी स्वतःच वही उघडली. कर्ज मंजूर झालं, सहा हप्त्यांत फेडायचं. आधी आशाताईंकडून सरकारी लसीची चौकशी करायची, तिथे मिळाली तर कर्ज उचलायचंच नाही, असंही ठरावात लिहून घेतलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडा वेळ गेला. कोणी म्हणालं आजारपण लिहा, कोणी म्हणालं शिक्षण. शेवटी "पोरीची लस" असं लिहिलं.

त्याच ठरावाखाली दुसरा ठराव आला, तो मी सुचवलेला नव्हता. गटातल्या तीस वर्षांवरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी करून घ्यायची. एकटी गेली तर लाज वाटते, अकरा जणी गेल्या तर वाटत नाही. पोळ्यानंतरचा बुधवार ठरला. गाडी सांगून ठेवली आहे. नर्सबाईंना आधी कळवलं आहे. सचिवबाईंचं नाव यादीत पहिलं आहे, त्यांनी ते स्वतः लिहिलं. दुसरं माझं.

माझी लेक आता अकरा वर्षांची आहे. बैठकीच्या दिवशी माझ्याबरोबर आली होती, कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. घरी जाताना तिने विचारलं, "आई, ती सुई दंडातच देतात ना? मग चालन." तिची सुई पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्या गटात या विषयावर काही प्रश्न निघाला असेल तर लिहून पाठवा, पुढच्या भागात डॉक्टर मॅडमना सोबत घेऊन येते. नमस्कार.